आवश्यक विषय : कागदावरचा आणि वर्गांतला

एखादा विषय वेळापत्रकांत आवश्यक म्हणून छापला, एवढ्यानें तो वर्गांत शिकविला जातोच असें नाहीं. संगणनासारख्या नव्या विषयाच्या बाबतींत जपानला हें सत्य दोन दशकें अनुभवावें लागलें.

जपानच्या उच्च माध्यमिक शाळांत, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंतच्या तीन इयत्तांत, ‘माहिती’ या नांवाचा विषय २००३ सालीं सर्वांस आवश्यक झाला. परंतु विद्यापीठांच्या सामाईक प्रवेशपरीक्षेंत त्यास स्थान नव्हतें. ज्या घरांत परीक्षेचें वर्ष आलें कीं पाहुण्यांचीहि ये-जा मंदावते, त्या घरांतील श्रोत्यांस याचा अर्थ उलगडून सांगावयास नको. परिणाम व्हावयाचा तोच झाला. प्रवेशपरीक्षेस उपयोगी न पडणारे आवश्यक विषय अनेक शाळांनीं शिकविलेच नव्हते, असें २००६ सालीं उघडकीस आलें. त्यांत जगाचा इतिहास प्रमुख होता. ‘माहिती’ हा विषयहि होता. पुढें २०१३ सालीं या विषयाचे दोन पर्याय करण्यांत आले. यंत्रासाठीं आज्ञावली रचण्याची विद्या त्यांपैकीं एकांतच होती, आणि बहुसंख्य विद्यार्थी दुसऱ्याकडे वळले.

अखेर एप्रिल २०२२ पासून ‘माहिती-१’ हा एकच अभ्यासक्रम सर्वांस लागू झाला. प्रश्नांची उकल, माहितीची मांडणी, संगणक व आज्ञावली, आणि संगणकांचें जाळें व आंकड्यांचा उपयोग, असे त्याचे चार भाग आहेत. जानेवारी २०२५ मध्यें सामाईक परीक्षेंत त्याची ६० मिनिटांची व १०० गुणांची प्रश्नपत्रिका प्रथमच आली.

या परीक्षेचें स्वरूप ध्यानांत घेण्याजोगें आहे. नोव्हेंबर २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या नमुना-प्रश्नपत्रिकेंत दुकानांतील देवघेवीचा एक प्रश्न होता : कमींत कमी नाणीं हातांतून हातांत जावीं, यासाठीं काय करावें? समजा, वस्तूची किंमत ४६ येन आहे. नेमके पैसे मोजले तर सहा नाणीं लागतात. परंतु गिऱ्हाइकानें ५१ येन देऊन ५ येन परत घेतले, तर अवघ्या तीन नाण्यांत काम भागतें. असा विचार पायरी-पायरीनें मांडावयाचा, आणि तोहि परीक्षेसाठीं मुद्दाम बेतलेल्या, जपानी शब्दांच्या सोप्या आज्ञाभाषेंत. त्यास कोणत्याहि विशिष्ट कंपनीच्या यंत्राची ओळख लागत नाहीं.

ही विद्या केवळ भावी यंत्रज्ञांसाठीं आहे, असें मानणें चूक होय. आज कर्जाच्या अर्जाची छाननी किंवा नोकरीच्या उमेदवारांची निवडहि कित्येक ठिकाणीं आज्ञावलीच्या साह्यानें होते. ‘यंत्रानेंच तसें सांगितलें’ या उत्तरापुढें मान तुकवावयाची, कीं त्या यंत्रांत तो नियम कोणीं घातला असें विचारावयाचें, हें नागरिकाच्या शिक्षणावर अवलंबून आहे. प्रत्येकानें गणित शिकावयाचें तें गणिती होण्यासाठीं नव्हे. तसेंच हेंहि आहे.

परंतु शिकविणार कोण? २०२२ सालच्या सरकारी पाहणींत सार्वजनिक उच्च माध्यमिक शाळांतून हा विषय शिकविणारे सुमारें ४,७५० शिक्षक आढळले. त्यांपैकीं सुमारें ८०० जणांजवळ या विषयाचा रीतसर परवाना नव्हता. ते तात्पुरत्या किंवा खास परवानगीवर काम करीत होते. ही उणीव सर्वत्र सारखी नव्हती. कांहीं प्रांतांत ती मुळींच नव्हती, कांहींत ठळक होती. तरी परीक्षा मात्र सर्वांस एकच! होक्काइदो विद्यापीठासारख्या कांहीं संस्थांनीं पहिल्या वर्षीं हा विषय सक्तीचा ठेवूनहि त्याचे गुण एकूण बेरजेंत न धरण्याचें ठरविलें, तें विद्यार्थ्यांच्या तयारींतील हा भेद ओळखूनच.

पहिल्या परीक्षेंत सरासरी सुमारें ६९ गुण पडले. आरंभ आशादायक खरा. परंतु सरासरीच्या आड दुबळी शाळा झांकली जाते. परीक्षेमुळें विषय वर्गांत आला, हें मान्य केलें पाहिजे. मात्र ज्या वर्गांत जाणता शिक्षक पोंचला नाहीं, तेथील मुलाच्या वाट्यास आलें तें केवळ आणखी एका परीक्षेचें ओझें. प्रश्नपत्रिका एका वर्षांत छापतां येते. शिक्षक तयार होण्यास अनेक वर्षें लागतात. म्हणून विषय आवश्यक करूं पाहणाऱ्या कोणत्याहि राज्यकर्त्यानें पहिला पैसा शिक्षकाच्या तयारीसाठीं बाजूस काढावा, आणि परीक्षेची तारीख त्यानंतर जाहीर करावी.