माळ गळ्यात, माणसं पाठीशी
(वैजापूर येथील मेळाव्यातील भाषण)



जमिनीच्या मेळाव्यात दारूचं कशाला काढलं, असं कुणाला वाटेल. सरकारी निर्णयाप्रमाणे भूमिहीन दलित-आदिवासींचं १४ एप्रिल १९९० पर्यंतचं गायरानावरचं अतिक्रमण नावावर होऊ शकतं. पण पुरावा लागतो : दंडाची पावती, पंचनामा, १-ई ची नोंद. आमच्याकडं पंचनामा झाला त्या दिवशी मी पिऊन बांधावर पडलो होतो. बायकोनं चतु:सीमा दाखवल्या, म्हणून नोंद झाली.

पुढं सराला बेटाच्या सप्ताहात मी माळ घातली. दिवाळीपर्यंत टिकली, मग खुंटीला गेली. देव खोटा नव्हता, मी एकटा होतो. दिवस मावळला की पाय गुत्त्याकडं वळायचे आणि अडवायला कुणी नव्हतं.

तळोद्याकडं १९३७-३८ साली गुलाम महाराजांनी आदिवासींमध्ये आरती सुरू केली. दर सोमवारी लोक जमत, दारू सोडत, एकमेकांना 'आप' म्हणत. ज्याला सावकार 'अरे' म्हणायचा, त्याला भाऊबंदांनी मान दिला. १९३८ साली महाराज गेले, तरी रामदास महाराजांनी आरती चालवली. नंतर शहाद्याकडं अंबरसिंग महाराजांनी भजनी मंडळं बांधली आणि जमिनीचा लढाही उभा केला. तिथल्याच बायांनी १९७२-७३ च्या सुमारास गुत्त्यांवरची मडकी फोडली. भजन आणि संघटना तिथं वेगळी नव्हती.

कुणी म्हणेल, आपल्या देवाला धार लागते. धार थेंबाची असते. बाकीची बाटली देवानं मागितलेली नाही.

एक जपा. रोज सकाळपासून पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर हातपाय थरथरतात, भास होतात, फिट येते. ती बाहेरची बाधा नव्हे. भगताकडं रात्र घालवू नका, सरकारी दवाखान्यात न्या. जीव जाऊ शकतो.

आणि घसरलेल्याला हसू नका. मी घसरलो तेव्हा वस्तीवरचे चौघं रोज सांजेला माझ्या ओट्यावर येऊन बसायचे. उपदेश नाही, नुसतं बसायचे. माळ पुन्हा गळ्यात आली ती त्यांच्यामुळं. दोन वर्षं झाली.

म्हणून आज ठरवू. दर सोमवारी सांजेला प्रत्येक वस्तीवर बैठक. आधी भजन, मग जमिनीचे कागद. तलफ आली तर जवळचं दार ठोका. ते दार रात्रीही उघडलं पाहिजे.

जिंदाबाद!