मुळं काढलेल्या जमिनीची नोंद कुठे आहे?



आजच्या बोलण्याचा विषय 'जमीन आणि जात' असा जाहीर झाला आहे. मी त्यातल्या एकाच कामाबद्दल बोलणार आहे. गायरानातली झुडपं तोडायची, त्यांची मुळं काढायची आणि माळ फोडून रान करायचं, हे ते काम. पीएच.डी.साठी मराठवाड्यातल्या गायरानधारकांचे अर्ज, पंचनामे, नोटिसा मी वाचल्या. त्यांत जमिनीचं क्षेत्र असतं, गट नंबर असतो, अतिक्रमण करणाऱ्याचं नाव असतं. हे काम मात्र मला कुठेच सापडलं नाही.

मला ते ठाऊक आहे, कारण ते माझ्या घरात झालं. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या गायरानात आजी-आजोबांनी दोन एकर माळ फोडला. तिथं वेडी बाभूळ, बोरी आणि तरवड माजलेली होती.

आजी सांगते, बाभूळ तोडणं अवघड नाही, ती मारणं अवघड आहे. कुऱ्हाडीनं आडवी केली तरी पावसाळ्यात त्याच खुंटातून एकाच्या जागी दहा फुटवे येतात. फुटव्यांचे डोळे मातीच्या थोडं खाली, बुंध्याच्या गड्ड्यात असतात. तो गड्डा निघाला तर खाली राहिलेली मुळं सहसा फुटत नाहीत. म्हणून बुंध्याभोवती टिकावानं गोल खणायचं, आडवी मुळं तोडायची, खाली पहार घालून गड्डा हलवायचा आणि दोघांनी मिळून ओढायचा. एका जुन्या बुंध्याला अर्धा दिवस जायचा. काटे टायरच्या चपलेतूनही पायात शिरायचे. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात मजुरी असायची, त्यामुळे हे काम पहाटे आणि चांदण्यात व्हायचं.

आता कागदाकडे येऊ. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानुसार १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात भूमिहीन मागासवर्गीयांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमित करायची होती. हा निर्णय आकाशातून पडला नाही. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही मागणी घेऊन दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये लोक सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले. पण निर्णयाचा लाभ घ्यायचा तर त्या काळात जमीन तुमच्याकडे वहितीला होती हे दाखवावं लागतं. ते दाखवायचं कशानं?

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत दंडाच्या पावत्या आहेत. सर्वात जुनी १९८६ ची. आजोबांना गुन्हेगार ठरवून दंड केला, त्याची पावती दिली, आणि आज तीच आमचा सर्वात भक्कम पुरावा आहे. गाव नमुना १-ई या अतिक्रमणाच्या नोंदवहीचंही तसंच. राज्यानं आमच्या माणसांना शेतकरी म्हणून ओळखण्याआधी अतिक्रमक म्हणून ओळखलं.

आता दुसरी बाजू ऐका. २०१२-१३ च्या दुष्काळात पेरणी झाली नाही. घरची माणसं ऊसतोडीला गेली ती लांबली. काही गड्डे अर्धवट राहिले होते, शेंगा खाऊन गेलेल्या जनावरांच्या शेणातून नवं बी पडलं होतं. पुढच्या पाहणीत लिहिलं गेलं: 'पड, झाडोरा आहे.' ज्या झाडाविरुद्ध दोन माणसांनी उमेद घालवली, तेच झाड आमच्याविरुद्ध साक्षीदार झालं. दुष्काळ आणि ऊसतोड यांना पाहणीच्या कागदात रकाना नाही.

हे फक्त मराठवाड्याचं नाही. याच वेड्या बाभळीला तमिळनाडूत सीमई करुवेलम म्हणतात. तिथं १८९२ पासून दलितांसाठी दिलेल्या पंचमी जमिनींपैकी कितीतरी इतरांच्या ताब्यात गेल्या. पंजाबात पंचायतीच्या लागवडीयोग्य जमिनीचा तिसरा हिस्सा अनुसूचित जातींना भाडेपट्ट्यानं देण्यासाठी राखीव असतो, आणि तो प्रत्यक्षात मिळावा म्हणून भांडावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालाचा आधार घेऊन आज गायरानं रिकामी करण्याच्या नोटिसा निघतात. त्याच निकालात भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेखाली पट्टा दिलेला असेल तर अपवाद करता येतो, असंही म्हटलं आहे. ती ओळ नोटिशीत नसते. ती आपल्याला वाचावी लागते.

एक आक्षेप मी टाळणार नाही. गायरान सगळ्या गावाचं, ते फोडलं तर गुरांनी चरायचं कुठे? प्रश्न खरा आहे. शेळ्या आपल्याही घरात आहेत. पण ज्या गावात सगळ्यांचं म्हटलेलं पाणीही आपलं नव्हतं, तिथं 'सगळ्यांचं गायरान' हा शब्द तपासूनच घ्यावा लागतो. आजीच्या उभ्या पिकात रात्री जनावरं सोडली गेली, तेव्हा चाऱ्याची टंचाई नव्हती.

तुम्ही घरातले पहिले पदवीधर आहात. मोठी भाषणं नंतर करू. सुट्टीत घरी जाल तेव्हा एक वही घेऊन म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. 'कोणतं साल?' असं विचारू नका, ते सांगता येत नाही. विचारा, नामांतराच्या दंगलीच्या आधी की नंतर? किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी रानात काय होतं? माझी आजी म्हणाली, 'लाँग मार्च झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पहिला बुंधा काढला.' लाँग मार्च १९७९ च्या अखेरीस निघाला. म्हणजे १९८० चा उन्हाळा. शासन निर्णयाच्या मुदतीत बसणारं साल तिच्या तोंडून आलं, पावतीच्याही सहा वर्षं आधीचं. कोण सोबत होतं, हत्यार कुणाकडून आणलं, शेजारचं रान कुणाचं होतं, हेही लिहा. हयात साक्षीदारांची नावं घ्या. पावत्यांचे फोटो काढा, शाई उडते आहे.

आजीचं निवेदन मी आमच्या अर्जाला जोडलं आहे. त्यावर तिचा अंगठा आहे. अर्ज अजून पडून आहे. या उन्हाळ्यात वडील आणि मी दुष्काळात फुटलेले तीन गड्डे खणून काढले. आजी बांधावर बसून सांगत होती, 'अजून खाली जा, वरवर तोडू नको.' त्या दिवसाची तारीख मी वहीत लिहून ठेवली आहे.

जय भीम.