जुबिलीचे काम आणि ठरलेली तारीख



जुबिलीपूर्वी मंदिराचे नवे छप्पर पुरे व्हावे, अशी आपणा सर्वांची उत्कंठा आहे. ती स्तुत्य होय. तथापि या प्रसंगी पुणे शहरास मिळालेल्या एका कठोर धड्याचे आम्ही आपणांस स्मरण देऊ इच्छितो.

पानशेतचे धरण १९६२ साली पुरे व्हावयाचे होते. ते वर्षभर आधीच उरकण्याचे ठरले. १९६१ च्या पावसाळ्यात पाणी अडविले, तेव्हा ते बाहेर सोडण्याच्या दरवाजांचे काम अपुरेच होते. बांध खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूच्या गोण्या रचून काही तास मिळविले, म्हणूनच १२ जुलै रोजी धरण फुटले ते दिवसाउजेडी, आणि कित्येकांस पळून जीव वाचविता आला. त्याच दिवशी खडकवासल्याचे धरणही फुटले व मुठेकाठच्या वस्त्या बुडाल्या. तारीख मनुष्याने ठरविली होती; पाऊस तिला बांधलेला नव्हता.

बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून हिशेब करावा, असे प्रभूने शिकविले. त्या हिशेबात आम्ही केवळ रुपये धरितो. दिवस, माणसे व संकटे धरीत नाही. यास्तव समितीने प्रत्येक कामास एकेक उत्तरदायी मनुष्य नेमावा, दर रविवारी मिस्सानंतर राहिलेले काम मोजावे, आणि गवंडी ‘हे अजून कच्चे आहे’ असे म्हणेल, तर त्यास भित्रा न म्हणता त्याचे ऐकावे.

छप्पर वेळेवर न झाल्यास सण मंडपात साजरा करू. परंतु घाईने चढविलेल्या छपराखाली आपली लेकरे बसविणार नाही.

प्रभू आपणांस उद्योगाबरोबर धीरही देवो.