आधी दुसरा कॅमेरा, मग कर्ज

कामं आटोपून रेडिओजवळ बसला असाल, नाहीतर भाकरी थापता थापता ऐकत असाल, तरी चालेल. आजचं बोलणं लग्नातलं आहे, पण मानपानाचं नाही, कमाईचं आहे.

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते. हल्ली कुठल्याही मांडवात जा, एका फोटोग्राफरवर भागत नाही. एक जण स्टेजसमोर उभा असतो, एक बाजूनं फिरत असतो, एक व्हिडिओ करत असतो. यातला जो दुसरा असतो ना, मुख्य फोटोग्राफरच्या जोडीला आलेला, त्याच्या जागेविषयी मी बोलणार आहे. आपल्या लेकीसुनांना हा धंदा शिकायचा असेल तर सुरुवात त्या जागेवरून करावी, असं माझं म्हणणं आहे.

हे आज सांगायचं कारण घडलं ते एका गटाच्या बैठकीत. दोघी जणींनी एकाच दिवशी मागणी केली. "ताई, आम्हाला लग्नाचे फोटो काढायचा धंदा करायचाय, कॅमेऱ्याला पन्नास-पन्नास हजार पाहिजेत." दोघी हुशार. मोबाइलवर फोटो काढतात ते गावात सगळ्यांना आवडतात. बैठकीत दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, द्या, पोरी पुढे जाऊ देत. काही म्हणाल्या, कॅमेरा कपाटात पडला तर हप्ता कोण भरणार?

मग आम्ही वही काढली आणि हिशेब मांडला. पन्नास हजार रुपये, वर्षाला बारा टक्के व्याज, दोन वर्षांची फेड. महिन्याचा हप्ता बसतो साधारण २,३५० रुपये. आता आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास. त्या चार महिन्यांत लग्नं जवळजवळ नसतातच. हप्ता मात्र चातुर्मास पाळत नाही. त्या चार महिन्यांचे ९,४०० रुपये आधीच्या कमाईतून बाजूला ठेवावे लागणार. शिवाय नुसता कॅमेरा घेऊन भागत नाही. लेन्स, फ्लॅश, जादा बॅटरी, मेमरी कार्ड, फोटो साठवायला हार्ड डिस्क, हे सगळं लागतं. आणि लग्न पुन्हा लागत नाही. अक्षता पडल्या आणि फोटो हुकला, तर "परत एकदा टाका" म्हणता येत नाही. नवख्या हाताला स्वतंत्र ऑर्डर कोण देणार, आणि दिलीच तर ती बिघडल्यावर गावात तोंड कसं दाखवणार?

तेव्हा गटानं ठरवलं की आधी एक सीझन दुसऱ्या कॅमेऱ्यावर काम करायचं, कर्जाचं त्यानंतर बघू.

आता हा दुसरा फोटोग्राफर नेमकं करतो काय, ते बघा. मंगलाष्टकं चालू असतात. शेवटचं मंगलाष्टक संपतं, बँड वाजतो, अंतरपाट बाजूला होतो आणि क्षणात हार पडतात. मुख्य फोटोग्राफर त्या वेळी नवरा-नवरीसमोर असतो, त्याला तिथून हलता येत नाही. पण त्याच क्षणी नवरीच्या आईचे डोळे भरून आलेले असतात. मागं उभ्या मामाचं लक्ष भाचीकडे असतं. आजी खुर्चीतूनच अक्षता टाकत असते. हे सगळं टिपायचं काम दुसऱ्याचं. कानपिळीला भावानं नवऱ्या मुलाचा कान पिळला की मुख्य माणूस त्या दोघांचा फोटो घेतो, दुसऱ्यानं हसणाऱ्या करवल्यांचा घ्यायचा. सूनमुखाच्या वेळी आरशात दोघींचे चेहरे दिसायला हवेत, ती बाजू एकानं धरली की दुसरीकडून दुसऱ्यानं उभं राहायचं. अल्बम पूर्ण होतो तो असा.

आणि इथं बाईमाणसाचा एक मोठा फायदा आहे. नवरी तयार होत असते त्या खोलीत पुरुष फोटोग्राफरला दारातच थांबावं लागतं. हळद लावताना, बांगड्या भरताना, नवरीला साडी नेसवताना बायकांना परका पुरुष नको असतो. मुसलमान घरच्या निकाहात बायकांची बसायची सोय बऱ्याचदा वेगळी असते. तिथं बाईनं कॅमेरा घेऊन गेलेलं घरच्यांना बरं वाटतं. म्हणून तालुक्याच्या स्टुडिओवाल्याकडे जाताना "काहीतरी काम द्या" असं म्हणू नका. "बायकांच्या खोलीतले फोटो मी काढीन" असं म्हणा. त्याच्याकडे जे नाही ते तुमच्याकडे आहे.

जायच्या आधी थोडं शिकून जा. जिल्ह्याच्या ठिकाणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, तिला आपण आरसेटी म्हणतो. तिथलं प्रशिक्षण मोफत असतं, राहण्या-जेवणाचे पैसे पडत नाहीत. या संस्थांच्या अभ्यासक्रमांत फोटोग्राफी-व्हिडिओग्राफीही आहे. आपल्या जिल्ह्यात तो वर्ग कधी भरणार, ते तुमच्या सीआरपी ताईंना विचारायला सांगा.

स्टुडिओवाल्याशी बोलताना चार गोष्टी आधीच मोकळेपणानं ठरवा. पहिली, पैसे. एक-दोन लग्नं नुसती बॅग धरायला, लाइट पकडायला, बघायला गेलात तरी हरकत नाही, पण येण्या-जाण्याचं भाडं मागा. त्यानंतर दिवसाचे किती आणि कधी मिळणार ते ठरवून घ्या. दुसरी, कॅमेरा कुणाचा? त्याचा असेल तर पडला-झडला तर काय, हे आधी विचारा. तिसरी, फोटो. तुम्ही काढलेले फोटो त्याच्या अल्बममध्ये त्याच्या स्टुडिओच्या नावानं जाणार, हा या कामाचा रिवाज आहे. पण त्यातले दहा-बारा फोटो तुमचं काम म्हणून दाखवायची परवानगी मागून ठेवा, आणि ती त्याच्याकडून मोबाइलवर लिहून घ्या. पुढं स्वतःची ऑर्डर मिळवताना तेच तुमचं प्रमाणपत्र. चौथी गोष्ट, रात्रीची सोय. वरात संपायला बारा वाजतात. घरी कोण सोडणार, गाडीत आणखी कोण असणार, हे ठरल्याशिवाय हो म्हणू नका. शक्यतो दोघींनी मिळून जा. स्टुडिओचा नंबर आणि लग्नाचं ठिकाण घरी लिहून ठेवा. सासूबाई विचारतात, "रात्रीअपरात्री कुणाबरोबर फिरणार?" त्यांच्यावर चिडू नका. त्यांचं विचारणं बरोबर आहे, आणि त्याला आपल्याकडे सरळ उत्तर हवं.

आता मांडवात कसं वागायचं ते. आदल्या दिवशीच मुख्य फोटोग्राफरला विधींचा क्रम विचारा. प्रत्येक समाजाची रीत वेगळी. बौद्ध पद्धतीच्या लग्नात अंतरपाट नसतो, तिथं त्रिशरण-पंचशील असतं. क्रम माहीत नसेल तर माणूस नेमका नको तेव्हा बॅटरी बदलत बसतो. दोन्ही कॅमेऱ्यांची तारीख-वेळ सारखी लावून घ्या, नाहीतर अल्बम लावताना पाठवणी आधी आणि हळद नंतर असा गोंधळ होतो. अक्षता पडताना, हार घालताना हात हलतात. तेव्हा शटर स्पीड दोनशे-अडीचशेच्या खाली आणू नका, फोटो धूसर येतो. मुख्य माणसाच्या फोटोत आपण दिसणार नाही अशा जागी उभं राहा. एखादा फोटो बिघडला वाटला तरी मांडवात पुसू नका. कार्ड भरलं की वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि रात्री मोजून हातात द्या. कपडे साधे घाला, वावरायला सोपे. जेवण कधी मिळेल सांगता येत नाही, म्हणून पिशवीत पाण्याची बाटली आणि दोन चपात्या असू द्या.

दोन गोष्टी मात्र कधीच करू नका. नवरीच्या खोलीतला एकही फोटो आपल्या मोबाइलवर, स्टेटसला टाकू नका. तिनं आपल्यावर विश्वास टाकून आत घेतलेलं असतं. आणि ज्याच्याबरोबर गेलो त्याच्या गिऱ्हाइकाला आपला नंबर देऊ नका. गिऱ्हाइकानं मागितला तरी स्टुडिओचाच द्या. ही इमानदारी तालुकाभर कळते, आणि पुढची दहा कामं तिच्यामुळं येतात.

लग्न झालं की काम संपलं असं समजू नका. खरं शिक्षण त्यानंतर आहे. आठवड्यानं स्टुडिओत जा आणि विचारा, "माझे कुठले फोटो अल्बममध्ये घेतले? कुठले टाकले, आणि का?" त्याचे आणि तुमचे त्याच क्षणाचे फोटो शेजारी ठेवून बघा. एका तासात जे समजेल ते दहा व्हिडिओ बघून समजणार नाही.

आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून होमाई व्यारावाला यांचं नाव घेतात. त्यांचा जन्म १९१३ साली नवसारीत झाला, शिक्षण मुंबईत जे. जे. कलाशाळेत. कॅमेरा त्या माणेकशॉ व्यारावाला यांच्याकडून शिकल्या, ज्यांच्याशी पुढं त्यांचं लग्न झालं. सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून यायचे ते माणेकशॉंच्या नावानं. पुढं दिल्लीत साडी नेसून, जड कॅमेरा सांभाळत त्यांनी स्वातंत्र्याच्या काळातले प्रसंग टिपले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. हात तयार होत असताना त्यांच्याही फोटोंवर दुसऱ्याचं नाव होतं, हे लक्षात ठेवा.

आता त्या दोघींचं काय झालं? एकीनं सीझनभर सात लग्नं केली. आठव्याला स्टुडिओवाल्यानं स्वतःहून बोलावलं. तिनं गटाकडे पन्नास हजार मागितलेच नाहीत. जुना कॅमेरा आणि पन्नासची लेन्स घ्यायला वीस हजार मागितले, कारण कुठल्या वस्तूवाचून अडतं आणि कुठलीवाचून भागतं हे तिला आता कळलं होतं. दुसरी तीन लग्नांनंतर थांबली. म्हणाली, "ताई, बारा-चौदा तास उभं राहणं माझ्यानं होत नाही. लहान लेकरू घरी आहे. मला फोटो काढायला आवडतात, हा धंदा नाही आवडत." गटात कुणी तिला नावं ठेवली नाहीत. एकीचा धंदा उभा राहिला, दुसरीच्या डोक्यावरचं कर्ज टळलं. माझ्या हिशेबात दोन्ही जमेच्याच बाजूला.

तुमच्या गटात कुणी कॅमेऱ्यासाठी कर्ज मागितलं, तर "नाही" म्हणू नका आणि लगेच सह्याही करू नका. पुढच्या बैठकीत तिच्यासाठी एवढंच ठरवा: तालुक्याच्या कुठल्या स्टुडिओत तिला घेऊन कोण जाणार, आणि लग्नाच्या रात्री तिचं लेकरू कोण सांभाळणार. तेवढं झालं तरी गटानं तिला अर्धं भांडवल दिलं असं समजा.