उमेदवारीची वर्षे



घरातील मूल शिकून तयार झाले म्हणजे वडील मंडळींचा पहिला प्रश्न असतो, ‘पगार किती?’ हा प्रश्न अनाठायी आहे असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. घरभाडे, आजारपण, धाकट्या भावंडांची शिक्षणे ही नुसत्या उपदेशाने भागत नाहीत. परंतु या प्रश्नाचे एक जुळे भावंड आहे, त्याची विचारपूस फारशी होत नाही. ते म्हणजे, ‘तेथे शिकावयास काय मिळेल?’ या दोहोंचा मेळ कसा घालावा, हे गोमंतकाच्याच मातीत जन्मलेल्या एका पुरुषाच्या चरित्रावरून उत्तम प्रकारे कळते. ते पुरुष म्हणजे धर्मानंद कोसंबी.

त्यांचा जन्म १८७६ साली साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण बेताचेच. घरच्या नारळीच्या बागेची देखरेख करावी आणि मिळेल ते मराठी पुस्तक वाचावे, असा त्यांचा क्रम होता. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्या विषयाचे मूळापासून ज्ञान मिळवावे, ही तळमळ त्यांना लागली. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची गाठ पडली. पुढे उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर असा प्रवास करीत ते काशीस पोहोचले आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. तेथून मोठ्या आशेने नेपाळात गेले. परंतु जे शोधीत होते ते तेथे न मिळाल्याने त्यांची निराशा झाली. तरीही मागे न फिरता, जाणत्यांना विचारीत ते १९०२ साली सिंहलद्वीपी गेले व तेथे पालीचे अध्ययन करू लागले. कलकत्त्यास अध्यापनाचे काम मिळेपर्यंत १९०६ साल उजाडले होते. घर सोडल्यापासूनची सुमारे सात वर्षे अशी केवळ उमेदवारीत गेली!

आता खरा कसोटीचा प्रसंग पाहावा. कलकत्त्यास दरमहा अडीचशे रुपये मिळण्याचा योग आला होता. त्याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की, महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाकाठी एक पुस्तक लिहून द्यावे. मुदत तीन वर्षांची होती. कोसंबींनी अडीचशे सोडून पन्नास पत्करले. आपल्या लोकांना आपल्या भाषेत हे ज्ञान द्यावे, हा हेतू त्या पन्नासांत साधत होता; अडीचशेंत साधत नव्हता. पुढे १९१० साली हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संशोधनासाठी त्यांना बोलावणे आले. १९१२ पासून १९१८ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. पन्नासाच्या वाटेने गेल्यामुळे त्यांचे काही अडले नाही.

एवढे ऐकून कोणी तरुण उद्याच नोकरीचा राजीनामा लिहावयास बसेल, तर तो या चरित्राचे अर्धेच पान वाचील. घर सोडले तेव्हा कोसंबी विवाहित होते. घरी तान्ही मुलगी होती. त्या वर्षांचा भार त्यांच्या पत्नी बाळाबाई यांनी सोसला. काशीच्या अन्नछत्राची कथा सांगताना गोमंतकातील त्या चुलीचा विसर पडणे हा अन्याय होय. एकाच्या ध्येयाचे मोल पुष्कळदा दुसऱ्याच्या पदरातून दिले जाते आणि ते देणाऱ्यास कोणी विचारलेलेही नसते. म्हणून ज्याला धाडस करावयाचे असेल त्याने प्रथम घरी बसून हिशेब मांडावा. घराला दरमहा किती लागते, आपल्यामागे ते कोण भागवील, कर्ज किती आहे, हे स्पष्ट बोलावे. संमतीने घेतलेला अल्प पगार सुखाचा होतो. लपवून घेतलेला मोठा निर्णयही घर पोखरतो.

दुसरे असे की, उमेदवारीला मुदत असावी. बडोद्याच्या त्या व्यवस्थेतील शहाणपण नीट पाहण्याजोगे आहे. तीन वर्षे, आणि दर वर्षी एक पुस्तक. म्हणजे ‘मी शिकत आहे’ एवढे म्हणून सुटका नव्हती. वर्षाअखेर पुढे ठेवता येईल असे काही हातून घडावेच लागे. आजच्या तरुणानेही, मग तो संगणकावर काम करो, वकिलाच्या कचेरीत बसो वा कारखान्यात यंत्र चालवो, दर वर्षी स्वतःस विचारावे : गेल्या वर्षी येत नव्हते असे आज काय येते? सलग दोन वर्षे उत्तर रिकामे आले, तर पगार वाढला असला तरी जागा बदलण्याचा विचार करावा. वाट चुकली तर लाज मानू नये. नेपाळात निराशा झाली नसती, तर सिंहलद्वीपाची वाट विचारण्याची गरजच पडली नसती.

शेवटचा शब्द वडीलधाऱ्यांसाठी. कोसंबींच्या अंगी निष्ठा होती हे खरे. परंतु ते पन्नास रुपये कोणीतरी दिले होते, काशीचे अन्न कोणीतरी शिजविले होते. येथे जमलेल्या कुटुंबांपैकी पुष्कळांचे नातलग पुणे, मुंबई, बंगळूर येथे स्थायिक आहेत. गावाकडून नव्याने आलेल्या मुलाला चार महिने राहावयास खोली द्यावी, आपल्या धंद्यातील खाचाखोचा मोकळेपणाने सांगाव्यात, आणि भेटताच ‘पगार किती?’ असे विचारण्यापूर्वी ‘काय शिकतोस?’ असे विचारावे. एवढे घडले तरी पुष्कळ झाले.

‘विसुद्धिमग्गा’ची कोसंबींनी सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईस प्रसिद्ध झाली. १९४७ साली ते निवर्तले. हार्वर्डची आवृत्ती निघाली ती १९५० साली. ज्या कामासाठी १९१० मध्ये समुद्र ओलांडला, त्याचे ते फळ पाहावयास ते उरले नव्हते. नारळ लावणाऱ्याला हे नवे नाही. तो रोप लावतो, पाणी घालतो, आणि पहिला नारळ कोणाच्या हाती पडेल याची चिंता करीत बसत नाही.