शास्त्र उघडण्यापूर्वी

(सावेडी येथे धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी पवित्र शास्त्राच्या वाचनाविषयी दोन शब्द बोलावयाचे आम्ही योजिले आहे. शास्त्र वाचावे की न वाचावे हा प्रश्न आता उरलेला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली सर्व श्रद्धावंतांस ते वाचण्याचा आग्रह केला, आणि पोप फ्रान्सिस यांनी 2019 साली वर्षातील एक रविवार देवाच्या वचनासाठी राखून ठेविला. ग्रंथ घरोघरी आला आहे. प्रश्न उरतो तो एवढाच की, आपण तो कशासाठी उघडतो?

वचने मुखोद्गत असणे ही काही भक्तीची खूण नव्हे. अरण्यात प्रभूची परीक्षा पाहावयास आलेल्या सैतानासही स्तोत्रातील वचन अचूक पाठ होते. त्याच्या शब्दांत खोट नव्हती, हेतूत होती. आता आपल्याकडे पाहू. भावाभावांत बांधावरून तंटा पडतो, तेव्हा क्षमेची वचने दोघेही शोधून काढतात. मात्र प्रत्येक जण ती दुसऱ्यास ऐकवितो. मिस्सेच्या वेळी वाचनाची पाळी कोणाची, यावरूनही मने दुखावतात, आणि वाचावयाचा उतारा कधी कधी नम्रतेचाच असतो! ख्रिस्तामध्ये यहुदी नाही, हेल्लेणी नाही, हे प्रेषित पौलाचे म्हणणे आपण सर्व जाणतो; सोयरीक जुळविताना मात्र तेवढे पान हळूच उलटतो. ही गोष्ट आजच्या दिवशी बोलू नये असे कोणास वाटेल. पण महोत्सवाच्या दिवशी नाही तर मग केव्हा बोलावी?

नम्र वाचन म्हणजे काय, हे पाहावयास दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या या नगर शहरात अनेक वर्षे राहिलेले कवी नारायण वामन टिळक यांचेच उदाहरण घ्या. ते व पुढे सांगितलेल्या पंडिता रमाबाई आपल्या कॅथलिक मंडळीतील नव्हेत. तरी चांगला धडा शेजारच्या घरून घेण्यास लाज कसली? 1893 साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने टिळकांस नवा करार दिला. टिळक त्या वेळी विद्वान, वादपटू, देशासाठी स्वतःच एखादा नवा धर्म उभारावा अशा विचारात असलेले. पुस्तक प्रथमदर्शनी त्यांस रुचले नाही. परंतु वाचीन असे वचन दिले होते, म्हणून हाती पेन्सिल घेऊन ते खुणा करीत वाचू लागले. म्हणजे परीक्षक ते, आणि उमेदवार ग्रंथ! पण डोंगरावरील प्रवचनापाशी येताच हे नाते उलटले. शत्रूवर प्रीती करा, हे ऐकल्यावर परीक्षा कोणाची चालली आहे हे त्यांस कळून चुकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यासाठी आप्तांचा त्याग सोसावा लागला, पत्नी लक्ष्मीबाईंचा वियोगही काही वर्षे घडला. आणि 1917 साली, उतारवयात, मिशनची पगारी नोकरी सोडून ते संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास राहिले. शास्त्रवाचनाने त्यांच्या पदरी लाभ पडला असे जग म्हणणार नाही.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे, केडगावच्या. आपल्या नगरालगतचे केडगाव नव्हे, दौंडकडचे. कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांस 'सरस्वती' म्हटले, त्या बाईंनी प्रौढ वयात हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल एकटीने मराठीत आणिले. त्यांस हवे असते तर त्या संस्कृतप्रचुर भाषेने पंडितांस थक्क करत्या. त्यांनी नेमके उलट केले. खेड्यातील अल्पशिक्षित बाईसही समजावे म्हणून जड शब्द वेचून वेचून दूर ठेविले. 5 एप्रिल 1922 रोजी, काम हातावेगळे होताच, त्यांचा अंत झाला. छापील ग्रंथ 1924 साली निघाला, तो त्यांस दिसला नाही. मुक्ती सदनातील स्त्रियांनीच तो छापिला.

आता आपल्या घरांविषयी थोडे. प्रेषितांच्या कृत्यांत एका राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचीत होता. वाचलेले समजते काय, असे फिलिपाने विचारताच त्या मोठ्या अधिकाऱ्याने समजत नसल्याचे सांगितले, व पायी चालणाऱ्या त्या परक्या माणसास आपल्या शेजारी बसविले. आपल्याही घरी हे होऊ शकते. ज्या आजीस अक्षर येत नाही, तिने मास्तरांच्या तोंडून ऐकलेले शुभवर्तमान पन्नास वर्षे मनात जपले आहे. आणि नातू इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठी अडखळत वाचतो. सायंप्रार्थनेस नातवाने दहा ओळी वाचाव्यात, आजीने त्या समजावून सांगाव्यात. हे वचन शेजाऱ्यास किंवा सुनेस कसे लागू पडते, हा विषय तेवढ्या वेळापुरता कोणी काढू नये. पहिले काही दिवस घरात बरीच शांतता राहील.