अडगळीतील वस्तू आणि मुलांचे शिक्षण

(बालाघाट येथे ग्रामस्थ, शिक्षक व पंचायतींचे कार्यकर्ते यांच्यापुढे केलेले भाषण)



आपल्या गावावरून वाहणारी वैनगंगाच पुढे आमच्या भंडाऱ्याला येते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपले व आमचे जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होते. पुढे राज्ये वेगळी झाली, परंतु सोयरिकी तुटल्या नाहीत, बाजारहाट तुटला नाही आणि आपल्या घरांतून मराठी बोलणेही थांबले नाही. त्यामुळे येथे बोलताना मी परक्या ठिकाणी आलो आहे, असे मला वाटत नाही.

आजचा विषय ऐकताना काहीसा क्षुल्लक वाटेल. घरातील अपुरे पडलेले गणवेश, मागील इयत्तेची पुस्तके, पडवीत गंजत असलेली सायकल, पेटीच्या तळाशी पडून राहिलेले स्वेटर, यांविषयी भाषण ते काय करायचे? तथापि या वस्तू एकत्र करून, नीटनेटक्या करून, अल्प किमतीस विकल्या आणि त्या विक्रीतून गावातील होतकरू मुलामुलींसाठी निधी उभारला, तर केवढे काम होऊ शकते, हे मी आपल्यापुढे मांडणार आहे.

शिक्षण कोठे अडते?

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून देशात लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी त्याने शासनावर टाकली. ही फार मोठी गोष्ट होय. परंतु आठवी उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या वाटेत यापुढे लहान लहान खर्च उभे राहतात. परीक्षेचे शुल्क, तालुक्याच्या गावी जाण्याचे बसभाडे, वसतिगृहाची अनामत, प्रवेशपरीक्षेचा अर्ज, त्या परीक्षेसाठी जबलपूर किंवा भोपाळपर्यंतचा प्रवास, असे ते खर्च असतात. शिष्यवृत्त्या आहेत, आणि त्या मिळविल्याच पाहिजेत. पण शिष्यवृत्ती हाती पडते उशिरा आणि शुल्काची शेवटची तारीख येते आधी. बैहर, बिरसा किंवा परसवाडा भागातील एखाद्या गोंड अथवा बैगा मुलीचे शिक्षण हजार-दीड हजार रुपयांसाठी थांबू शकते. रक्कम लहान असते, म्हणून ती कोणाच्या योजनेत बसत नाही. आणि घरात रोख पैसा नसतो, म्हणून ती तेथूनही निघत नाही. मग मुलगा कामाच्या शोधात नागपूरची गाडी धरतो आणि मुलीचे लग्न ठरते.

अशा वेळी जो निधी गावातच असेल, ज्याचा निर्णय दोन दिवसांत होईल आणि ज्यासाठी कोणाच्या दारी जावे लागणार नाही, तोच उपयोगी पडतो.

देणे सोपे, घेणे कठीण

येथे कोणी विचारील की, जुन्या वस्तू विकायच्या कशाला? गरजूंना तशाच वाटून का टाकू नयेत? या प्रश्नाचे उत्तर मला एका मुलाने शिकविले.

मी शिक्षक असताना आमच्या शाळेत एकदा कपडे वाटपाचा कार्यक्रम झाला. मंडप घातला, पाहुणे आले, मुलांना एकेक करून नावाने व्यासपीठावर बोलाविले, छायाचित्रे निघाली. सातवीतील एका मुलास फार चांगला, जवळजवळ नवाच सदरा मिळाला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही. मी घरी गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, "गुरुजी, ज्याचा सदरा आहे तो पोरगा त्याच्याच वर्गात बसतो." त्या कार्यक्रमाच्या यादीत नावे लिहिणारा मीच होतो. सदरा देणाऱ्या घरचा हेतू निर्मळ होता, आमचाही होता. परंतु घेणाऱ्याच्या बाजूने त्या दिवसाकडे आमच्यापैकी कोणी पाहिलेच नव्हते. तो मुलगा पुढे शाळेत आला, पण तो सदरा मी त्याच्या अंगावर कधी पाहिला नाही.

याउलट आपल्या घरी येणाऱ्या बोहारणीचा व्यवहार पाहा. ती जुने कपडे घेते आणि भांडे देते. दोन्ही बाजूंनी घासाघीस होते, कोणी कोणाचे मिंधे होत नाही. तेच कपडे धुऊन, शिवून पुढे बाजारात येतात आणि मजूर कुटुंबे ते पारखून, मोल करून, ताठ मानेने विकत घेतात. दहा रुपये का होईना, मोजून दिले की वस्तू आपली होते. दुकानाचे तत्त्व ते हेच. विकत घेणाऱ्यास वस्तू स्वस्त मिळते, त्याचा मान राहतो, आणि त्याने दिलेले दहा रुपये गावातील एखाद्या मुलाच्या शिक्षणास लागतात. म्हणजे घेणारा हा त्याच वेळी देणाराही ठरतो.

पूर्वसूरींचा मार्ग

थोड्याथोड्यातून मोठा निधी उभारण्याची रीत महाराष्ट्रास नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. तरुणांना काचकाम शिकविणे हा त्या कारखान्याचा एक प्रमुख उद्देश होता.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत. त्यांच्या जेवणासाठी घरोघरी मूठमूठ धान्य बाजूला ठेवण्याची मुष्टिफंडाची पद्धत त्यांनी रूढ केली. वसतिगृहात धान्य उरले नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, हे आपण सर्व जाणतो. मूठभर धान्य देणारी बाई श्रीमंत नव्हती. तिच्याकडे होते त्यातून तिने दिले. आजच्या घरात मूठभर धान्याच्या जोडीला न वापरलेल्या वस्तूंचीही रास असते. काळ बदलला, तसे मुठीतले द्रव्य बदलले, एवढेच.

अन्यत्र आलेले अनुभव

अमेरिकेत बोस्टन शहरी १९०२ मध्ये एडगर हेल्म्स नावाच्या धर्मोपदेशकाने श्रीमंत वस्तीतून जुने कपडे व सामान गोळा केले आणि ते दुरुस्त करण्याच्या कामावर गरीब लोकांनाच नेमले. त्यातून 'गुडविल' ही संस्था उभी राहिली. तिच्या दुकानांच्या उत्पन्नातून कामाचे शिक्षण दिले जाते. इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे १९४२ मध्ये दुष्काळनिवारणासाठी स्थापन झालेल्या समितीने महायुद्धानंतर देणगीदाखल आलेल्या वस्तूंचे दुकान थाटले. 'ऑक्सफॅम' या नावाने ती पुढे जगभर परिचित झाली.

आपल्या देशात अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत 'गूंज' ही संस्था सुरू केली. गावकऱ्यांनी श्रमदानाने विहीर, तळे किंवा रस्ता दुरुस्त करावा आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे मिळवावेत, ही त्यांची पद्धती. कपडा हा दयेने दिलेला नसून श्रमाने मिळविलेला आहे, हा विचार त्यामागे आहे. २०१५ मध्ये गुप्ता यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मध्य प्रदेश शासनाने २०१६ मध्ये आनंद विभाग स्थापन केला आणि जानेवारी २०१७ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत 'आनंदम्' हा उपक्रम सुरू केला. जास्तीची वस्तू आणून ठेवावी, ज्यास हवी त्याने न विचारता न्यावी, अशी ती कल्पना. महाराष्ट्रातील अनेक शहरांत 'माणुसकीची भिंत' याच हेतूने उभी राहिली. व्यासपीठ नाही, यादी नाही, हा या उपक्रमांचा मोठा गुण. मात्र अशा भिंतीपाशी वस्तू निवडण्यास, धुण्यास व शिवण्यास नेमलेले कोणी नसले, तर फाटके-तुटके साचत जाते. शिवाय तेथून मुलांसाठी निधी उभा राहत नाही. दुकानाची कल्पना याच पुढची पायरी आहे.

आपल्याकडे काय करता येईल?

बालाघाट जिल्ह्यात आठवडी बाजार गावोगावी भरतात. दुकानासाठी वेगळी इमारत बांधण्याची गरज नाही. वस्तू ठेवण्यास पंचायतीची एखादी खोली आणि बाजाराच्या दिवशी एक पाल, एवढ्यावर आरंभ होतो. वारासिवनीकडे हातमागाची परंपरा आहे, शिवणकाम जाणणाऱ्या स्त्रिया आपल्या स्वयंसहायता गटांत आहेत, सायकल दुरुस्त करणारे गावात आहेत. दहावी-बारावीच्या मुलांनी सुटीच्या दिवशी त्यांच्या हाताखाली बसावे, वस्तूंची निवड करावी, किमतीच्या चिठ्ठ्या लावाव्यात, हिशेब लिहावा, आणि त्या कामाचा मोबदला घ्यावा. रोजमेळ लिहिणे, शिवणयंत्र चालविणे, सायकलचे चाक सरळ करणे, हेही शिक्षणच आहे.

विक्रीचे दोन हंगाम ध्यानात ठेवावेत. शाळा उघडताना गणवेश, दप्तरे, कंपासपेट्या आणि पुस्तके; आणि थंडीच्या आरंभी बैहरच्या पठारावर लागणारे स्वेटर, कांबळी, गोधड्या. जे कपडे वापरण्याजोगे नाहीत, त्यांच्या गोधड्या शिवता येतील.

हिशेब कसा बसेल, हे एका कल्पित उदाहरणाने सांगतो. तीनशे घरांच्या गावात प्रत्येक घराने वर्षाकाठी पाच वस्तू दिल्या, तर पंधराशे वस्तू होतात. त्यांपैकी हजार विकण्याजोग्या निघाल्या आणि सरासरी तीस रुपयांस गेल्या, तर तीस हजार रुपये जमतात. मजुरी, दोरा, साबण व वाहतूक यांसाठी दहा हजार वजा करावेत. वीस हजार उरतात. प्रत्येकी दोन हजारांप्रमाणे दहा मुलांची अडचण त्यात निभावते. एका गावात दरवर्षी दहा मुले शाळेत टिकली, तर ही मिळकत थोडी म्हणता येणार नाही.

काही पथ्ये

हे काम उत्साहाने सुरू होते आणि निष्काळजीपणाने बंद पडते. म्हणून काही नियम आरंभापासून पाळावेत.

पहिला नियम असा की, जी वस्तू आपण स्वतः वापरणार नाही, ती देऊ नये. दुकान म्हणजे उकिरडा नव्हे. कपडे धुऊन, पुस्तके पाने मोजून द्यावीत.

दुसरा, किंमत वस्तूवर लिहिलेली असावी आणि ती सर्वांस सारखी असावी. खरेदी करणाऱ्यास जात, कार्ड किंवा मिळकत विचारू नये. फलक हिंदी, मराठी, पवारी, गोंडी अशा लोकांच्या बोलींत असावा. शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनीही तेथे खरेदी करावी. तसे झाले तरच ते दुकान गरिबांचे न राहता गावाचे होईल.

तिसरा, निधी मिळालेल्या मुलांची नावे जाहीर करू नयेत, छायाचित्रे काढू नयेत. निवड शिक्षक, पंचायत सदस्य आणि महिला गट यांच्या लहान समितीने करावी आणि शुल्क शक्यतो परस्पर भरावे.

चौथा, नावे गुप्त असली तरी पैसा गुप्त नसावा. दर महिन्यास जमाखर्च पंचायतीच्या फळ्यावर लिहावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवावा. काम वाढल्यास मध्य प्रदेशाच्या १९७३ च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदणी करून घ्यावी.

पाचवा, हा निधी शासकीय शिष्यवृत्तीची जागा घेण्यासाठी नाही. प्रथम मुलाचा अर्ज भरून द्यावा. शिष्यवृत्ती येईपर्यंतचा काळ निधीने सांभाळावा.

सहावा नियम बोहारणीसंबंधीचा. आपल्या दुकानामुळे तिचे पोट मारले जाऊ नये. कापडाची पारख तिच्याइतकी आपणांपैकी कोणास आहे? निवडीच्या कामी तिलाच बोलवावे आणि तिची मजुरी द्यावी.

शेवटचे दोन शब्द

बंधु-भगिनींनो, २०११ च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया होत्या. मुलगी जन्मू देणारा आणि जगविणारा हा जिल्हा आहे, याचा आपणांस अभिमान वाटला पाहिजे. त्या मुलींना दहावीच्या पुढे नेण्याचे काम आता आपल्यापुढे आहे.

त्या सदऱ्याची गोष्ट मी विसरलेलो नाही. तोच सदरा बाजारातील पालावर इतर पन्नास सदऱ्यांत टांगलेला असता, त्या मुलाच्या आईने तो उलटून-पालटून पाहिला असता, पंधराचे बारा केले असते आणि पदराची गाठ सोडून बारा रुपये मोजले असते, तर तो मुलगा दुसऱ्या दिवशी तो सदरा घालून शाळेत आला असता. गणवेशाचा सदरा सगळ्यांचा सारखाच असतो. तो कोणाचा होता हे त्यावर लिहिलेले नसते. आपण घरी गेल्यावर पेटी उघडावी, पडवीत डोकवावे आणि पहिल्या बाजारापासून आरंभ करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.